बायचा उजवा डोळा

माझ्या थोरल्या बहिणीला मी बाय म्हणत असे. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो आणि बाय तेरा वर्षांची. तिने शाळा सोडली, आईची पाटी डोक्यावर घेतली आणि पाचूबंदराहून वसईच्या बाजारात मासळी विकायला जाऊ लागली. मी शाळेत गेलो, मॅट्रिक झालो, मुंबईच्या कॉलेजात गेलो. घरात शिकायचं कोणी, यावर कधी चर्चा झाली नाही. ते जणू ठरलेलंच होतं. पुढे बायचं लग्न झालं तेही आमच्यापासून चार घरं सोडून, कारण बाबांना एकटं टाकून लांब जायला ती तयार नव्हती. तिचा नवरा बोटीवर असे. हंगामात तो घरी कमी आणि दर्यावर जास्त.

स्वातंत्र्य मिळून चारपाच वर्षं झाली असतील. मी मुंबईत एम.एस्सी.चं संशोधन करत होतो. माझा विषय सांगितला की लोकांना हसू येई. आमच्या सरांनी मला काचेतून वायू कसा झिरपतो ते मोजायला दिलं होतं. साधी काच नव्हे, गारगोटी वितळवून केलेली सिलिका काच. लिंबाएवढा पातळ फुगा त्या काचेचा, आत हेलियम भरून तोंड वितळवून बंद केलेलं. तो फुगा एका धातूच्या भांड्यात, भांड्यातली हवा पंपाने काढून टाकलेली, आणि सगळं विजेच्या भट्टीत. फुग्याला चीर नाही, भोक नाही. तरी दिवस जातील तसा बाहेरच्या भांड्यात हेलियम जमत जाई, आणि किती जमला ते पाऱ्याच्या नळीवर वाचता येई. रोज दुपारी बारा वाजता एक नोंद, संध्याकाळी सहाला दुसरी. भट्टीची आच वाढवली की झिरपणं वाढे. हे सगळं आलेखावर मांडायचं होतं.

एकदा सुट्टीत घरी आलो असताना बायला हे समजावून सांगितलं होतं. ती ओट्यावर फाटलेलं जाळं शिवत बसली होती. मी तेच जाळं हातात धरून म्हटलं, की ही काच आतून अशी असते, भोकं लहानमोठी, वेडीवाकडी. मोठे वायू अडकतात. हेलियम सगळ्यांत बारीक, तो या भोकातून त्या भोकात उड्या मारत बाहेर येतो. तिने जाळं उलटसुलट करून पाहिलं. दुसऱ्या दिवशी लिलावाच्या जागी ती बायकांना सांगत होती, माझा भाऊ काचंतून वारा काढतो. तिला फार अभिमान होता. तो अभिमान आठवला की मला अजून खाली बघावंसं वाटतं.

थंडी पडायला लागली होती. किनाऱ्यावर बोंबील वाळत घालायचे दिवस. बोंबील टांगायचे बांबू पूर्वी काथ्याने बांधत. महायुद्ध संपल्यावर भंगारात तार मिळू लागली आणि टिकते म्हणून लोक तीच वापरू लागले. एका शनिवारी सकाळी बाय बांबू बांधत असताना गंजलेल्या तारेचं टोक हातातून सुटलं आणि उसळून तिच्या उजव्या डोळ्याला लागलं.

शनिवार म्हणून मी त्याच दुपारी घरी पोचलो. बायने डोळ्यावर ओला फडका धरला होता. रक्त नव्हतं. बुबुळाच्या कडेला पांढऱ्यात एक लाल टिंब, बस्स. तिला अंधुक दिसत होतं पण दिसत होतं. बाबा म्हणाले, रविवारी चर्चमधली मिस्सा झाली की डॉक्टरकडे घेऊन जा.

वसईतले डॉक्टर म्हातारे आणि सावध होते. त्यांनी बॅटरी धरून बराच वेळ पाहिलं. मग माझ्याकडे वळून ते इंग्रजीत बोलू लागले. शिकलेला माणूस समोर असला की ते तसंच करत. बाय शेजारच्या स्टुलावर बसून आमच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत होती. डॉक्टर म्हणाले, तार आत शिरली आहे. जखम बारीक आहे, मिटल्यासारखी दिसते, पण तारेबरोबर घाण आत गेली असेल तर इथे माझ्या हातात काही नाही. उद्या सकाळीच हिला मुंबईला डोळ्यांच्या इस्पितळात न्या. तोवर पेनिसिलिनचे थेंब घालत राहा.

तोवर, असं ते म्हणाले होते. तो शब्द मी नीट ऐकला होता.

बाहेर आल्यावर बायने विचारलं, काय म्हणाला. मी म्हटलं, मुंबईला दाखवलं तर बरं, म्हणाला. पण औषध दिलंय.

आता माझ्या मनात काय चाललं होतं ते सांगतो, कारण एवढी वर्षं मी ते निरनिराळ्या तऱ्हेने सजवून पाहिलं आहे. प्रयोगशाळेत माझ्याबरोबर काम करणारा सोबती सोमवारपासून आठवडाभर गावी जाणार होता, म्हणजे नोंदी घ्यायला मी एकटाच उरणार होतो. भट्टी तापवून तीन आठवडे झाले होते. एवढ्या दिवसांचा सलग आलेख आमच्याकडे आधी कोणाचाच आला नव्हता, आणि सरांनी तो पाहून दोनदा मान हलवली होती. बायला घेऊन इस्पितळात गेलो तर एक दिवस रांगेत जाणार, आणि तिला ठेवून घेतलं तर पुढचे किती दिवस जातील कोण जाणे. तिचा नवरा दर्यावर, बाबांना मुंबईतलं काही कळत नाही. मलाच थांबावं लागलं असतं. मला परत जायचं होतं. एवढंच खरं आहे.

घरी येताना वाटेत बाय थांबली आणि म्हणाली, "जायलाच लागंल का रे? बोंबील सगले बाहेर पडलेत."

मी हो म्हटलं असतं तर ती आली असती. ती कधी माझा शब्द मोडत नसे. मी म्हटलं, "काचेतून वारा जातो, तर औषध डोळ्यातून आत जाणार नाही का? डोळा तर काचेपेक्षा मऊ. दर तासाला थेंब घाल. शनिवारी मी येतो, मग बघू."

तिला ते पटलं. जाळं तिने स्वतः हातात धरून पाहिलं होतं ना. बाबांना मी मुंबईचं काही बोललोच नाही, डॉक्टरांनी थेंब दिलेत आणि तासातासाने घालायचे आहेत एवढंच सांगितलं. थेंबांची बाटली पाण्याच्या माठाला टेकवून ठेवली, म्हणजे गार राहील. संध्याकाळच्या गाडीने मी मुंबईला गेलो.

सोमवार, मंगळवार, बुधवार नोंदी सुरेख आल्या. बुधवारी मी आलेखाच्या कागदाला दुसरा कागद चिकटवला, कारण रेघ वरच्या कडेपर्यंत पोचली होती.

गुरुवारी सकाळी दहाच्या सुमारास होस्टेलच्या पत्त्यावर आलेली तार शिपायाने प्रयोगशाळेत आणून दिली. बाबांनी कोणाकडून तरी ती लिहून घेतली होती: बाय आजारी, लगेच ये. मी तार खिशात घातली. मग घड्याळ पाहिलं, आणि बारा वाजेपर्यंत थांबलो. बाराची नोंद घेतली, वहीत लिहिली, आणि मग स्टेशनवर गेलो. दोन तासांनी डोळ्याचं काही बिघडलं असं नव्हे. ते त्याआधीच बिघडलं होतं. पण हे मला त्या वेळी ठाऊक नव्हतं, आणि तरी मी थांबलो.

बाय भिंतीकडे तोंड करून पडली होती. पापणी सुजून बंद झाली होती. ती उघडली तेव्हा बुबुळावर खालच्या बाजूला पिवळट पू साचलेला दिसला, वाटीच्या तळाशी ताक राहावं तसा. बाबा म्हणाले, मंगळवारपासून दुखतंय, पण ती म्हणे शनिवारी येणार आहे ना तो. दर तासाला थेंब घातले होते. एक तास चुकला नव्हता. बाटली जवळजवळ रिकामी झाली होती.

शेजारच्या एका काकूंना बरोबर घेऊन मी तिला त्याच दिवशी मुंबईला नेलं. इस्पितळातल्या सर्जननी रात्रीपर्यंत उपाय केले, सुया टोचल्या, शुक्रवारी पुन्हा पाहिलं. शनिवारी त्यांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, की डोळा गेला आहे. तो काढला नाही तर दुसऱ्या डोळ्यालाही धोका आहे. मी सही केली. ज्या शनिवारी मी घरी येऊन बघतो म्हटलं होतं, तोच हा शनिवार.

ऑपरेशन झाल्यावर मी सर्जनना विचारलं, थेंब तर नेमाने घातले होते, मग असं कसं झालं. ते दमलेले होते, तरी त्यांनी माझ्या वहीच्या मागच्या पानावर पेन्सिलीने डोळ्याचं चित्र काढून दाखवलं. थेंब पुढच्या पडद्यातून थोडे आत जातात, म्हणाले, पण पुढे पाणी आहे, ते सतत नवं होत असतं, त्यात औषध वाहून जातं. त्याच्या मागे भिंग. आणि भिंगाच्या मागे सगळा डोळा भरलेला असतो तो एका नितळ, थलथलीत गराने. दिसायला काचेसारखा, म्हणून त्याला नावही काचेवरूनच पडलंय. त्यात रक्तवाहिन्या नाहीत, त्याला कोणी ढवळत नाही. पुढून निघालेलं औषध तिथपर्यंत पोचतं ते नावापुरतं, आणि पुढे त्याला कणाकणाने झिरपत जावं लागतं. तारेने घाण थेट तिथे नेऊन ठेवली. आम्ही पहिल्या दिवशीच आत सुई घातली असती. कदाचित वाचला असता, कदाचित नसता.

मी विचारलं, कदाचित म्हणजे किती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पेन्सिल परत दिली.

सोमवारी मी प्रयोगशाळेत गेलो. गुरुवारच्या बारानंतर नोंदी नव्हत्या. सरांना काय झालं ते सांगितलं, म्हणजे बहिणीचा डोळा गेला इतकंच सांगितलं. सर हळहळले. मग त्यांनी आलेख टेबलावर पसरला, पट्टी ठेवली आणि मोकळ्या जागेवरून रेघ ओढली. "पाचसात ठिपके नसले तरी काही बिघडत नाही," ते म्हणाले. "रेघ तीच येते."

ते मला धीर द्यायला बोलत होते. मी मात्र ते वाक्य घेऊन गच्चीवर गेलो आणि बोटांवर मोजत उभा राहिलो. पाचसात ठिपके नसले तरी बिघडत नाही. ज्यांच्यासाठी मी बायला ठेवून आलो, ते ठिपकेही तेवढेच होते: सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार.

पुढच्या काही दिवसांत मी एक गोष्ट केली, जी कोणी करायला सांगितली नव्हती. बाजारातून चिनी गवत, म्हणजे जेली करायचं अगर, आणलं, ते पाण्यात उकळून परीक्षानळीत ओतलं आणि डोळ्यातल्या गरासारखं गोठू दिलं. त्यावर निळ्या रंगाचं पाणी घातलं आणि नळी टेबलाच्या कोपऱ्यात ठेवली. नळीला कागदाची पट्टी लावून रोज खूण करत गेलो. निळा रंग पहिल्या दिवशी बोटाच्या जाडीएवढा खाली उतरला. त्याच्या दुप्पट उतरायला त्याला चार दिवस लागले, तिप्पट उतरायला नऊ. अंतर दुप्पट तर वेळ चौपट. काचेतल्या हेलियमचा नियम हाच. तो माझ्या वहीच्या पहिल्या पानावर माझ्याच अक्षरात लिहिलेला होता. म्हणजे रविवारी वसईच्या रस्त्यावर उभं राहून मी दोन मिनिटं हिशोब केला असता, तर थेंब वेळेत पोचणार नाहीत हे मला कळलं असतं. अज्ञानाने माणूस चुकतो, त्याला क्षमा आहे. मला ठाऊक होतं आणि मी ते काढून पाहिलं नाही.

बाय घरी आली. इस्पितळाने तिला काचेचा डोळा बसवून दिला होता. किनाऱ्यावरची वाळू त्याच्या कडेला जाऊन खुपायची, म्हणून थोड्या दिवसांनी तिने तो काढून ठेवला आणि पापणी मिटलेलीच राहू दिली. एका डोळ्याने अंतर कळत नाही, हे मी पुस्तकात वाचलं होतं. आता ते घरात बघत होतो. ती चहा ओतायची तो कपाच्या बाहेर पडायचा. मग तिने कपाच्या काठावर एक बोट ठेवून ओतायची सवय लावून घेतली. मासळी कापताना तिची बोटं कापली जात. बोटीवरून फळीवर पाय टाकताना ती एकदा चुकली आणि गुडघा फोडून घेतला. त्यानंतर ती बोटीवर चढेनाशी झाली, बायकांनी मासळी खाली आणून दिली तरच लिलावात उभी राहायची. जाळं शिवणं तर सुटलंच. ती तक्रार करत नसे. लोकांना सांगायची, माझ्या नशिबात होतं, भावानं लई धावपळ केली. ते ऐकताना मी तिथून उठून जात असे.

माझं संशोधन छापून आलं. पदवी मिळाली, त्याच जोरावर मुंबईत नोकरी मिळाली. बायने शेजाऱ्यांना पेढे वाटले.

असं दोनतीन वर्षं चाललं. एका नाताळाच्या आधी मी आमच्या चर्चमध्ये कुमसाराला, पापांची कबुली द्यायला, गेलो आणि हे सगळं जाळीपलीकडच्या फादरना सांगितलं. इंग्रजीतलं बोलणं, तोवर हा शब्द, भट्टी, बाराची नोंद, सगळं. त्यांनी मला प्रार्थना सांगितल्या आणि देवाने क्षमा केली असं म्हणाले. बहिणीला सांगू का, असं मी विचारलं. ते म्हणाले, ते तू तिच्याकडे बघून ठरव, स्वतःकडे बघून ठरवू नको. मला वाटलं, मला कळलं. मला कळलं नव्हतं.

नाताळ झाल्यावर एका दुपारी मी बायकडे गेलो. ती घरी एकटीच होती, सुके बोंबील निवडत. मी समोर बसलो आणि सांगितलं. आधीपासून पाठ केल्यासारखं सलग सांगितलं. डॉक्टर काय म्हणाले होते, मी काय सांगितलं, का सांगितलं. ती निवडत राहिली. मी बोलायचा थांबलो तेव्हा तिचे हात थांबले.

"त्या सोमवारी गेलो असतो तर वाचला असता?" तिने विचारलं.

"ठाऊक नाही. कदाचित."

मी रडत होतो, आणि खरं सांगायचं तर ती माझ्या डोक्यावर हात ठेवील अशी वाट बघत होतो. लहानपणी मी रडलो की ती तसंच करायची.

"इतकी वर्सं मी देवावर घातलेलं," ती म्हणाली. "मना ते जमलं होतं. तुझं आज हलकं झालं. आता मी हे कुठं ठेवू?"

ती उठली, पाटी उचलून मागच्या दारी गेली. मी उठून बाबांकडे निघून आलो. फादरच्या बोलण्याचा अर्थ मला त्या चार घरांच्या वाटेवर लागला. बोंबील वाळत घालायच्या दिवसांत मी तिचा डोळा घालवला होता, आणि आता स्वतःला बरं वाटावं म्हणून जे तिच्याकडे उरलं होतं तेही नेलं होतं. पहिली चूक घाईत झाली. दुसरी मी विचार करून, तयारी करून केली.

तिने माझ्याशी बोलणं टाकलं नाही. मी घरी गेलो की जेवायला बोलवायची, कामाचं विचारायची. फक्त लोकांना ते भावाने धावपळ केल्याचं सांगायची बंद झाली. नवऱ्याला तिने काही सांगितलं नसावं, कारण त्याचं माझ्याशी वागणं बदललं नाही. बाबांना तर नाहीच. म्हणजे ते ओझं ती एकटीच वागवत होती, आणि ते तिच्याकडे देणारा मी.

आणखी तीनेक वर्षांनी, पावसाळा संपत आला असताना, मी शनिवारी घरी गेलो तर बायच्या डाव्या डोळ्यावर पट्टी दिसली. मासळी साफ करताना उडालेलं खवलं डोळ्यात जाऊन रुतलं होतं. सोमवारी सकाळी रुतलं, आणि तिने तासाभरात पाटी शेजारणीकडे देऊन काकूंना बरोबर घेतलं आणि थेट मुंबईचं इस्पितळ गाठलं. डोळ्याला पट्टी, दुसरा डोळा नाही, म्हणजे येताना ती काकूंचा पदर धरून चालत आली होती. माझी खोली तिथून दहा मिनिटांवर. पाच दिवस झाले होते, आणि मला कोणी कळवलं नव्हतं.

मी तिच्या शेजारी बसलो. म्हटलं, बाय, एक निरोप पाठवायचास, मी आलो असतो.

"काकू होती ना," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. मग ती मला इस्पितळातलं सांगू लागली. एक तरुण डॉक्टरीण होती, बारीक चणीची, तिने खवलं चिमट्याने काढून बायच्या तळहातावर ठेवलं आणि रागावली, की मासळी साफ करताना तोंड एवढं खाली का नेतेस. बायने तिला सांगितलं, लांबून अंतर कळत नाही बाई, म्हणून जवळ न्यावं लागतं. हे सांगताना बाय थोडी हसली. परवा पट्टी सोडायची होती.

मी विचारलं, परवा मी घेऊन जाऊ का.

ती म्हणाली, काकूला सांगून ठेवलंय. मग तिने चाचपडत माझा हात शोधला, त्यात पाण्याचा तांब्या दिला आणि म्हणाली, लांबून आलास, हातपाय धू, जेवून घे.